नानाजीभाऊंनी निवडलेला फोन

नानाजीभाऊ आमचे शेजारी. मूल गावच्या आरामशीनवर त्यांची सारी हयात गेली. सागाचे ओंडके चिरणाऱ्या त्या पात्याशेजारी माणसाचा कान टिकेल तरी कसा? गेलाच. पण बहिऱ्याला बहिरा म्हणायची सोय नसते. "मले आयकू येते, तुमीच हळू बोलता," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. एका शिबिरात कानाचं मशीन मिळालं होतं, ते शिट्ट्या मारतं म्हणून फळीवर टाकून दिलं. हट्टी माणूस. बायको, सुगंधाबाई, गेल्यावर तर त्यांना दटावणारंही कुणी उरलं नाही.

जीव एकाच ठिकाणी अडकलेला, पोरीत. दिव्यानीला कोरपना तालुक्यात दिली होती, कापूस पिकवणाऱ्या घरात. तिचा फोन आमच्या घरी यायचा. मी तो घ्यायची आणि ती काय म्हणते ते नानाजीभाऊंसमोर उभी राहून सांगायची. "जेवले का म्हणून इचारते." "जेवलो म्हणा." बापलेकीचं सगळं बोलणं माझ्या तोंडून चालायचं. पुढे माझ्या मुलाने, गोपाळने, मोबाइल घेतला. घरचा फोन निघाला, आणि मोबाइल दिवसभर गोपाळच्या खिशात गावभर हिंडू लागला.

"इंदुताई, आता मीबी मोबाइल घेतो," नानाजीभाऊ म्हणाले. "पोरीचा आवाज आपल्या कानानं आयकीन."

मला बरंच वाटलं. पोरीला बापाशी काही बोलायचं तर ते शेजारणीच्या कानावरून कशाला जायला हवं?

बसस्टँडजवळ अजीमचं दुकान आहे, तिथे मीच त्यांना घेऊन गेले. अजीम पोरगा भला. त्याने एकेक फोन नानाजीभाऊंच्या हातात दिला, स्वतःच्या फोनवरून लावला आणि काउंटरपलीकडे उभा राहून हळू आवाजात बोलला. "काका, चहा घेता का?" "घेतो ना." "साखर कमी टाकू का?" "कमी काऊन? चांगली दोन चमचे टाक." प्रत्येक फोनवर असंच. एकदाही चुकले नाहीत. शेवटी मोठ्या बटनांचा आणि खणखणीत वाजणारा एक त्यांनी निवडला. "काका, तुमचा कान त फर्स्ट क्लास आहे," अजीम म्हणाला. नानाजीभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू इतकी वर्षं बहिरी मीच होते.

दुकानात ते खोटं बोलत नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. आरामशीनवर कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही. माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून कामं करतात. इतकी वर्षं तसं केल्यावर आपण ऐकतो आहोत की बघतो आहोत, हे त्यांचं त्यांनाच कळेनासं झालं होतं. अजीम समोर उभा होता. त्याचे ओठ दिसत होते. कानाला लावलेला फोन नुसता शोभेचा. पण ही अक्कल मला फार उशिरा आली, आणि तेव्हा तिचा काही उपयोग नव्हता.

फोन येऊ लागले. वाजला की नानाजीभाऊ अंगणात जायचे, कानाला घट्ट दाबून धरायचे. "हो बाई, हो. बरं बरं. सुखानं राय." मी कुंपणावरून विचारायची, "काय म्हणते पोरगी?"

"मजेत आहे."

दिवाळी झाली, थंडी पडली, तरी पोरगी मजेतच. बापमाणूस फोनवर आणखी काय बोलणार, असं म्हणून मी गप्प बसले.

मग एका सकाळी सुकलू आला. दिव्यानीच्या सासरच्या गावचा माणूस, त्याची बहीण आमच्या गावात दिलेली. आल्या आल्या अंगणातच म्हणाला, "नानाजीभाऊ, तुमी आले काऊन नाई? पोरीनं किती वाट पायली. लेकरू गेलं तिचं."

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी असतं. सातवा लागला की बाप न्यायला जातो. बापानं पाऊल टाकल्याशिवाय पोरगी सासरचा उंबरा ओलांडत नाही. सुकलूनं सांगितलं, दिव्यानीनं बापाला फोन केला होता. एकदा नाही, पुन्हापुन्हा. बाप दर वेळी "बरं बरं" म्हणाला आणि गेला नाही. सासू म्हणाली, "बापालेच पडली नाई, त आमी काऊन बसवून खाऊ घालावं?" आणि तशा अवघडलेल्या पोरीला कापूस वेचायला धाडलं. त्यातच लेकरू गेलं.

मी नानाजीभाऊंवर ओरडले. "तिनं तुमाले सांगतलं नवतं का?"

"सांगतलं असन."

"असन म्हंजे?"

ते खाली बसले. "मले फोनात नुसती घरघर येते, इंदुताई. तिचा फोन आला, तेवढं समजे. वाटलं, तिले मालूम पडलं त ती फोनच करन नाई."

माझा संताप झाला होता, आणि रडूही येत होतं. ज्या माणसाला दोन मुस्काटात माराव्यात असं वाटतं, त्याच्याच डोक्यावरून हात फिरवावासाही वाटतो, तो प्रकार. मी नुसतं म्हटलं, "चला, उठा. बस भेटन."

चंद्रपूरला बस बदलून आम्ही दिव्यानीच्या सासरी पोचलो.

दिव्यानी खाटेवर पडून होती. तोंड पांढरंफटक. बापाला पाहून उठली नाही. मी उशाशी बसले, ते तिच्यासमोर जमिनीवर.

"आता आले?" ती म्हणाली. "सातवा लागला म्हनून सांगतलं. कंबर दुखते म्हनून सांगतलं. बाबा, मले घेऊन जा, म्हनून रडली मी. तुमी म्हनले, सुखानं राय. मंग मी बोलावनं सोडून देल्लं."

नानाजीभाऊ एकटक तिच्याकडे बघत होते. तिचं बोलून झाल्यावर म्हणाले, "बाई, मले फोनात आयकू येत नाई. एकबी शबुद नाई. पयल्या दिवसापासून."

ती ओरडेल, असं मला वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. 

"मंग मी कोनापाशी रडत होती, बाबा?"

इतकं हळू बोलली की उशाशी बसून मला ते जेमतेम ऐकू आलं. नानाजीभाऊंना मात्र सगळं समजलं. ते तिच्या ओठांकडेच बघत होते.