जिलेबीचा पुडा

"हो, जिलेबीच हाय. आटपलं का निघतोच," बाकावरची बाई फोनवर दबक्या आवाजात म्हणाली आणि मागून जाणाऱ्या हलीमा सिस्टरचे कान टवकारले.

मुलगा असला तर पेढा, मुलगी असली तर जिलेबी. चोरून गर्भ तपासणाऱ्यांची ही भाषा हलीमाला पुरती ठाऊक होती. सरकारी दवाखान्यातली तिची निम्मी नोकरी असल्या बायकांवर डोळा ठेवण्यातच गेली होती. पोटातल्या पोरींचा तिला फार कळवळा होता. पण त्यापायी आता समोर येणारी प्रत्येक बाई तिला खोटारडीच वाटायची.

"नाव काय तुहं?"

"प्रेरणा. फुलसावंगीहून आली जी. दिवस गेलेत, पाडायचं हाय."

"लेकरं किती?"

"दोन पोरी."

झालं! हलीमानं मनातल्या मनात निकाल देऊन टाकला.

"जिलेबीचं कोनं सांगतलं तुले?"

प्रेरणा गोंधळली. "सासूबाईनं."

"वा! आन् इथं बी तिनंच धाडलं?"

"नाही जी. मीच आली. मले नाही पाहिजे."

"सोताच्या मनानं कोनी येते काय? जाय, नवऱ्याले घेऊन ये. त्याची सही लागते."

लागत नव्हती. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, हा कायदा हलीमाला तोंडपाठ होता. पण नवरा आला की तपासणी कुठं केली तेही बाहेर येईल, असा तिचा हिशेब. प्रेरणाचा चेहरा पांढराफटक पडला. ती उठली आणि चालू लागली. चोर असाच पळतो, हलीमाला वाटलं.

मग तिचं लक्ष बाकाकडे गेलं. तिथं वर्तमानपत्रात बांधलेला पुडा राहिला होता. कागदातून पाक झिरपत होता. हलीमानं कोपरा उघडला. आत जिलेबी होती. खरीखुरी, अजून कोमट.

पुडा घेऊन ती फाटकाकडे धावली, तर प्रेरणाच परत येत होती.

"पुडा राह्यला जी. बाजारातून जिलेबी आणतो म्हणून निघालती. रिकाम्या हातानं गेली तर घरी इचारतीन, कुठं गेलती म्हणून."

"घरच्याईले माहीत नाही?"

"माहीत झालं तर पाडू देतीन काय? औंदा पोरगाच होते म्हणतीन. धाकटीच्या वक्ती मरता मरता वाचली मी, सिस्टर. माह्या पोरीईले कोन पाहीन?"

हलीमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चाल आत. तुही एकटीची सही पुरते. डॉक्टरले मीच सांगतो."

"मंग मंघाशी नवऱ्याची काहून मांगतली?"

हलीमानं पुडा तिच्या हातात दिला.

"कोनाले सांगसान तर नाही?"

"नाही वं. सांगताच येत नाही, कायदाच हाय तसा."

प्रेरणा तिच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं हलीमा बायकांकडे बघायची, अगदी तशीच. शेवटी ती आत आली आणि बाकाच्या टोकाला टेकली. हलीमा शेजारी बसायला गेली, तेव्हा प्रेरणानं पुडा दोघींच्या मधे ठेवला आणि त्यावर हात ठेवून ती डॉक्टरांच्या दाराकडे बघत बसली.