सात नंबरचा पट्टा

शांद्रिका मोब्लीला टोलेडोच्या संघातून काढलं हे तिला कुणी तोंडाने सांगितलंच नाही. तिला ते कळलं धुण्यावरून.

बास्केटबॉलच्या संघात प्रत्येकीचा एक जाड पट्टा असतो, त्यावर तिचा नंबर. सराव संपला की घामेजलेले मोजे, बनियन, चड्डी सगळं त्यात ओवायचं आणि टोपलीत फेकायचं. सकाळी सगळं धुऊन वाळवून आपल्या खुंटीवर हजर. शांद्रिका नऊ वर्षं टोलेडोची पॉइंट गार्ड होती, म्हणजे चेंडू पुढे नेणारी आणि सगळ्यांना डाव सांगणारी, आणि नऊ वर्षं तिचा सात नंबरचा पट्टा असाच येत-जात होता. मे महिन्यातल्या त्या सकाळी खुंटी रिकामी. दारावरच्या रखवालदाराने मान खाली घालूनच किराणा दुकानातली एक प्लास्टिकची पिशवी पुढे केली. आत तिचे कालचेच कपडे, न धुतलेले, पट्ट्यासकट. नुसता भपकारा येत होता.

कोच ग्रेता हाल्डोर्सन तेव्हा म्हणे मीटिंगमध्ये होती. हीच बाई हिवाळ्यात, शांद्रिकाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा, दवाखान्यात तिचा हात धरून म्हणाली होती, "पोरी, तू मला लेकीसारखी. हे घर तुझंच आहे." घर म्हणे! म्हाताऱ्या कुत्र्यालासुद्धा कुणी असं हाकलत नाही.

शांद्रिका मेम्फिसला आईकडे परत आली. कपडे तिने धुतले, पट्टा मात्र तसाच ठेवला.

"फेक ते घाणेरडं," आई अर्लीन मासे तळता तळता म्हणाली. "देवावर सोड सगळं."

"सोडते की. पण देवाला बचाव जमतो का, ते आधी बघितलं पाहिजे."

"जीभ आवर!" म्हणत आईने तिच्या पाठीत फडकं हाणलं. पण हसली.

जुलैत मेम्फिसच्या संघातल्या गार्डचं बोट मोडलं आणि नाइलाजाने त्यांनी शांद्रिकाला घेतलं, हंगाम संपेपर्यंतच. ती एका शब्दाने कुरकुरली नाही. तिचा डोळा एकाच सामन्यावर होता. हंगामाचा शेवटचा सामना, घरच्या मैदानावर, टोलेडोशी. मेम्फिसची पुढे जायची आशा तोवर संपलेली होती. टोलेडो मात्र जिंकलं तर पुढच्या फेरीत, हरलं तर घरी. आणि हरलं तर हाल्डोर्सनबाईची खुर्ची गेली, हे टोलेडोतलं शेंबडं पोरही सांगत होतं.

बाईचा एक हुकमी डाव होता. त्याचं नाव हॅट. गार्डने चेंडू मधल्या उंच खेळाडूला द्यायचा, उजवीकडे धावल्याचं सोंग करायचं, आपल्यामागची बचाववाली तिकडे धावली की गर्रकन वळून बास्केटखाली चेंडू परत घ्यायचा. हा डाव शांद्रिकाच्या डोक्यातून निघाला होता, विमानतळावर जेवता जेवता, मीठ-मिऱ्याच्या डब्या सरकवून. आई रविवारी चर्चला परातीएवढी हॅट घालून जाते, म्हणून खूणही तीच, तळवा डोक्यावर. पुढे बाईने पत्रकारांना खुशाल सांगितलं की डाव माझा.

गार्ड दुसऱ्या संघात गेली की शहाणा कोच सगळ्यात आधी खुणा बदलतो. पण शांद्रिकाला ठाऊक होतं, ही बाई बदलणार नाही. खुणा बदलल्या तर शांद्रिकाला काही कळत होतं, असं कबूल करावं लागेल ना! बाईच्या मते डोकं कोचचं, गार्ड म्हणजे नुसते हातपाय.

आणि तसंच झालं. पहिल्याच भागात टोलेडोची नवी गार्ड, टिअर्नी व्हॉस नावाची विशीतली पोर, चेंडू घेऊन आली आणि तिने तळवा डोक्यावर ठेवला. अस्संच पाहिजे! आणि ती मुद्दाम, वेड्यासारखी उजवीकडे धावली. टिअर्नी वळली, बास्केट झाली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"तिच्याच अंगावर जा!" हाल्डोर्सन बाजूच्या रेषेवरून ओरडली. "गुडघ्याबरोबर डोकंही गेलंय तिचं!"

टोलेडोच्या बाकावर खसखस पिकली. शांद्रिकाने ती गिळली. औषधासारखी गिळली. तिच्या कोचने, रेनिटा टूमरने, तिला खस्सकन बाहेर ओढलं.

"अगं, शाळेतल्या पोरी एकदा फसतात, तू तीनदा? लाज वाटते का काही?"

"वाटते. पण शेवटच्या मिनिटाला मला आत ठेवा."

"का म्हणून?"

"मी फसते, म्हणून. सामना अटीतटीचा झाला तर ती बाई माझ्यावरूनच डाव टाकेल. दुसरं काही तिच्या मनातसुद्धा येणार नाही."

टूमरचे डोळे बारीक झाले. "तुला खूण माहीत होती? पहिल्यापासून?"

शांद्रिका वाकून बुटाची नाडी आवळू लागली.

"सहा गुण घालवलेस तू माझे, भवाने!"

"परत देते."

शेवटची काही सेकंदं उरली तेव्हा मेम्फिस एका गुणाने पुढे होतं आणि चेंडू टोलेडोकडे. टूमरने दात-ओठ खात शांद्रिकाला आत ढकललं. तिला बघितल्यावर हाल्डोर्सनच्या तोंडावर जे हसू आलं, ते शांद्रिकाने नीट बघून घेतलं. बाईने स्वतःच तळवा डोक्यावर ठेवला, सगळ्या जगाला दिसेल असा.

टिअर्नीने चेंडू मधल्या खेळाडूला दिला आणि उजवीकडे पळाली. शांद्रिका एकच पाऊल तिच्यामागे गेली आणि जागच्या जागी थांबली. टिअर्नी वळली, चेंडू सुटला, आणि सरळ शांद्रिकाच्या हातात येऊन बसला. गुडघ्यातून कळ डोक्यात गेली, पण ती पळाली. बास्केटकडे नाही. ती गेली टोलेडोच्या बाकासमोर आणि तिथेच, हाल्डोर्सनच्या नाकासमोर, चेंडू आपटत राहिली. भोंगा वाजेपर्यंत.

तिसऱ्या रांगेत अर्लीन उभी राहून हॅट सावरत ओरडत होती. देवाचं नाव घेत होती की आणखी काही, ते गोंगाटात कळलं नाही.

शांद्रिका आपल्या खुर्चीकडे गेली, टॉवेलखालून काहीतरी काढून मुठीत धरलं आणि हात मिळवायच्या रांगेत येऊन उभी राहिली. टिअर्नी हुंदके देत समोर आली.

"रडू नकोस गं. तुझा पास झकास होता," शांद्रिका म्हणाली. तिच्याशी हिचं काही वैर नव्हतं.

शेवटी हाल्डोर्सन आली. चेहरा पांढराफटक, पण हात पुढे, रीत म्हणून. "छान खेळलीस, पोरी."

शांद्रिकाने मूठ उघडली आणि तिच्या हातात पट्टा ठेवला. सात नंबरचा, मेपासून न धुतलेला.

"हा राहू द्या, कोच," ती म्हणाली. "उद्या सकाळी कामावर गेलात की आधी खुंटी बघा."