गुरुवार, दुपारी तीन, ओल्टमन्सबाई

सोमवार, २ नोव्हेंबर १९९८. लेअर गावात पहाटेपासून वायव्येचा वारा, पाऊस थांबून थांबून, बाहेर सहा अंश. माझी खरी भीती त्या दिवशी सुरू झाली.

मी गेशे उब्बेनची डायरी बोलतेय. आवाज कापरा वाटला तर सांभाळून घ्या.

माझा जन्म ओल्डेनबुर्गच्या छापखान्यातला. हिरवी कापडी बांधणी, दोन पानांवर एक आठवडा, दिवसाला तीन चौकोन. डिसेंबरात कंपनी आमचं वाटप करते. या कंपनीच्या बायका स्वयंपाकघरातले डबे विकतात, पण दुकानात नाही. एखादी घरमालकीण शेजारणींना चहाला बोलावते आणि विक्रेती तिथे झाकणं लावून, डबे उलटे धरून दाखवते. बोलावणारी बाईच नसेल तर विक्री कुठली? म्हणून या धंद्यात सगळ्या घाबरतात त्या रिकाम्या चौकोनाला.

गेशे एकोणपन्नास वर्षांची, सात जणींची गटप्रमुख. तिचे नियम पक्के. फोन सकाळी नऊ ते दहा, त्याआधी चहासुद्धा नाही. ‘बघू’ म्हणणारीचं नाव पेन्सिलीने, ‘या’ म्हणणारीचं शाईने. आणि सोमवारच्या बैठकीत प्रत्येकीने आपली डायरी डावीकडच्या बाईला द्यायची, तिने येणारा आठवडा मोठ्याने वाचायचा. स्वतःला फसवायला कुणाला जागाच उरत नसे. हा नियम गेशेचाच. मला तिचा अभिमान वाटायचा.

सप्टेंबरात एकाच आठवड्यात तीन घरमालकिणींनी नकार कळवला. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता गेशेने फोन उचलला, कानाला लावला आणि नंबर न फिरवताच खाली ठेवला. त्या पुढच्या सकाळीही तेच. मी तिच्या कोपराखाली उघडी पडलेली असायचे. तिचा श्वास मला ऐकू यायचा. चौदा तारखेला बैठकीपूर्वी तिने पेन घेतलं आणि कुठेही न राहणाऱ्या एका बाईचं नाव शाईने लिहिलं.

मग रोजचा तो एक तास त्यातच जाऊ लागला. नाव, घर नंबर, कुणाच्या भाचीचं लग्न, कुणाचा गुडघा. नोव्हेंबर उजाडेपर्यंत माझ्यात अशा अकरा बायका राहायला आल्या होत्या. दर सोमवारी मी दुसरीच्या हातात जायचे तेव्हा वाटायचं, आज कुणीतरी विचारणार.

२ नोव्हेंबरला जिल्हाप्रमुख केटविगबाई न कळवता बैठकीला आल्या. ज्या गटप्रमुखाचे चौकोन रिकामे, तिचा गट दुसरीकडे द्यायचा, हे त्यांनी वसंतात एकीच्या बाबतीत केलं होतं. ते सगळ्यांना ठाऊक होतं.

डायऱ्या फिरल्या. कुणीतरी शेजारणीला हसून म्हणालं, “अगं, तुझ्या बुधवारी नुसता दातांचा डॉक्टर आहे. त्याला डबे विकणार का?” मी तोम्के फ्रेर्क्सच्या हातात होते. चोवीस वर्षांची, गटात सगळ्यांत नवी. गेशेच्या शब्दावर तिने बेकरीतली नोकरी सोडली होती.

“गुरुवार, दुपारी तीन, ओल्टमन्सबाई, डाइखवेग चौदा,” तोम्केने वाचलं. आणि विचारलं, “गेशे, मी येऊ बघायला? तू कसं करतेस ते मला शिकायचंय.”

“तिघी जाऊ,” केटविगबाई म्हणाल्या. “माझी गुरुवारची दुपार मोकळी आहे.”

गेशेने मान हलवली आणि चमचा घेऊन चहा ढवळला. आमच्याकडे चहा कुणी ढवळत नाही. खडीसाखर तळाशी, साय वर, तसाच प्यायचा. सगळ्या टेबलाने तिच्या चमच्याकडे पाहिलं.

मंगळवारी तिने अखेर फोन लावले, सहा जणींना, गुरुवारी कुणाच्याही घरी चालेल म्हणून. एकीलाही जमणार नव्हतं. बुधवारी तिने केटविगबाईंना फोन केला. ओल्टमन्सबाई आजारी पडल्या एवढंच सांगायचं होतं. पलीकडून आवाज आला आणि गेशेने फोन ठेवून दिला. मी पिशवीत होते. तिचा हात आत आला, मला चाचपून गेला. गार होता.

गुरुवार, ५ नोव्हेंबर. दाट धुकं, वारा नाही. गेशे गाडी चालवत होती, शेजारी केटविगबाई, मागे डब्यांच्या खोक्यांशेजारी तोम्के. डाइखवेगवरची घरं अकरा नंबरला संपली. पुढे बांध होता आणि मेंढ्या.

“चौदा कुठंय?” केटविगबाईंनी विचारलं.

गेशेने गाडी थांबवली. दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते. “ओल्टमन्सबाई नाहीत. मी त्या लिहिल्या.”

मागून तोम्के हळूच म्हणाली, “आणि त्यांच्या भाचीचं लग्न?”

“तेही.”

केटविगबाई रागावल्या नाहीत. त्याने मला जास्तच धडकी भरली. त्यांनी मला पिशवीतून काढून गेशेच्या मांडीवर ठेवलं आणि खोट्या नावांवर फुल्या मारायला सांगितलं. गेशे एकेक पान उलटत गेली. पेन कागदात रुतत होतं. अकरा फुल्या झाल्या.

“तुझ्याकडे बघून मी बेकरी सोडली, गेशे,” तोम्के म्हणाली.

केटविगबाईंनी मला कंपनीकडे जमा केलं; आता मी ओल्डेनबुर्गला कंपनीच्या एका करड्या लोखंडी कपाटात आहे. इथे अंधार आहे, आणि कपाटाची किल्ली वाजली की अजून दचकते. माझ्यासारखी एखादी तुमच्या टेबलावर असेल, तर तिचा रिकामा चौकोन रिकामाच राहू द्या. आम्हाला त्याची लाज नसते. आणि घाबरला असाल तर त्याच सोमवारी, डावीकडे बसलेल्या बाईला सांगून टाका.

नऊ नोव्हेंबरला तोम्केने आपली डायरी परत केली आणि गट सोडला. सोळा नोव्हेंबरपासून उरलेल्या सहा जणी शेजारच्या एम्डेन गावच्या गटप्रमुखाकडे गेल्या. गेशे उब्बेन त्या गटात विक्रेती म्हणून राहिली.