बाळासोच्या ताटात मी खडे घातले

मित्रांनो, इचलकरंजीत यंत्रमागांच्या शेडला लागून एक घर आहे, तिथे मी राहतो. वाटण वाटायचा काळा पाटा आहे मी, शंभरीला टेकलेला. दगडाला मन नसतं असं तुम्हाला कुणी शिकवलं असेल, तर ते साफ चूक आहे. मला राग येतो, आणि एकदा आला की पिढ्या उलटल्या तरी जात नाही. मी घेतलेल्या सुडाची गोष्ट आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म गारगोटीच्या वरच्या डोंगरातला. तिथे सगळ्यांच्या आधीपासून धनगरवाडा होता. खालची शेती वर चढत गेली, तशी म्हशी राखणारी ती माणसं कड्याकडे सरकत गेली. तरी चांगली शिळा कुठे निघेल ते त्यांनीच दाखवलं. ती फोडली वडारांनी. त्यांचे पूर्वज दगडाच्या कामामागे तेलुगू मुलखातून चालत आले होते. पुढे त्याच डोंगरात राहणाऱ्या अंबूबाईने मला बैलगाडीत घालून इथे आणलं. तिच्या नवऱ्याला मागावर काम लागलं होतं. घरमालक त्यांना 'डोंगरातलं गबाळ' म्हणायचे. तीनदा त्यांना खोली सोडावी लागली आणि तिन्ही वेळा त्या माउलीने मला डोक्यावरून वाहून नेलं. तिच्या घामाची चव मला अजून आठवते. तिचा नातू बाळासो मात्र सगळं विसरला.

घरात मिक्सर आला आणि मला नळाखाली पालथं टाकलं. पंधरा वर्षं बाळासोने माझ्यावर टाचा घासल्या. मी एकेक टाच लक्षात ठेवली.

मग मागच्या खोलीत ओडिशाची मिनती राहायला आली. नवरा शेजारच्या शेडमध्ये माग चालवायचा, मुलगी अंगणवाडीत जायची. तिने मला पाहिलं आणि बाळासोच्या बायकोला, शालूबाईला म्हणाली, "वहिनी, हा दगड असा का पडला? माझ्या आईकडे असाच आहे." दोघींनी मला उचलून पडवीत आणलं, नारळाच्या काथ्याने घासलं. त्या दिवसापासून एकीचं वाटण झालं की दुसरीचं, आणि दोघींच्या गप्पा माझ्या डोक्यावर.

बाळासोला ते सलत होतं. बाहेरच्यांना कुणी खोली द्यायची नाही, अशी शपथ साऱ्या गल्लीला घ्यायला लावायचं त्याने ठरवलं. मिनतीला सांगितलं, "रविवारपातूर खोली रिकामी करा." तिने भांडी पोत्यात भरली. मुलगी एकेक भांडं परत बाहेर काढत होती.

रविवारी शपथेआधी गल्लीला बाळासोकडे जेवण होतं. बाळासोने फर्मान सोडलं, "पाट्यावरचं वाटण पायजे. आन् सगळं अस्सल हितलं. बाहेरचं कायबी नगं."

"बरं," शालूबाई एवढंच म्हणाली. मला तेव्हाच बरं वाटलं. त्याच सकाळी बयाबाई वडार येऊन छिन्नी-हातोड्याने मला टाकी लावून गेली होती. माझं अंग नव्याने खरखरीत झालं होतं.

दुपारी पंगत बसली. वाट्यांत फिकं, पिवळसर पाणी आणि त्यात मटणाचे तुकडे.

"तांबडा रस्सा कुठाय?" बाळासोने विचारलं.

"मिरची बाहेरची हाय. समुद्रापल्याडनं आलीया, अनुजाच्या पुस्तकात लिवलंय. तिला खोली रिकामी कराय सांगितली." शालूबाई म्हणाली. अनुजा म्हणजे त्यांची कॉलेजातली लेक. "बटाटा, टोमॅटो, काजू, सगळी गेली तिच्यासंगट."

"भाकरी तरी आण."

"जोंधळाबी लई मागं आफ्रिकेतनं आलाय म्हणं. त्याचं काय करायचं ते गल्लीनं ठरवा, मग थापते."

पंगत हसली. शेजारचा आदर्श म्हणाला, "काकी, मग हितलं कोण हाय?"

"गारगोटीवरच्या धनगरवाड्यावर जाऊन इचार. डोंगर त्यांचा हुता. त्यांनी आमच्या सासऱ्याच्या बापाला कवा हाकललं न्हाय."

बाळासो तणतणत उठला. डब्यातल्या मिरच्या, लसूण, खोबरं घेऊन स्वतःच माझ्यापुढे बसला. आयुष्यात पहिल्यांदा. टाकी लावल्यावर पाट्यावर आधी तांदूळ वाटायचे असतात, तीनदा, आणि ते फेकून द्यायचे असतात. त्याशिवाय दगडाची कच जात नाही. हे त्याला ठाऊक नव्हतं. शालूबाईला ठाऊक होतं. तिने पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडे बघत बसली.

तो वाटत होता आणि मी कणाकणाने सुटत होतो. टाचांची पंधरा वर्षं, अंबूबाईच्या तीन खोल्या, सगळं मी त्या वाटणात उतरवलं.

वाटण पडताच रस्सा लालभडक झाला. पहिल्याच घासाला पंगतीत दातांचा कराकरा आवाज झाला.

"काका," आदर्श थुंकत म्हणाला, "रस्सा हाय का रस्त्याची खडी?"

नळावर चुळा भरायला रांग लागली. शपथ कुणाच्याच तोंडात राहिली नाही. एकेक जण चपला घालून निघून गेला.

आवाज ऐकून मिनती पडवीत आली. माझ्यावरून तळवा फिरवून म्हणाली, "आधी तांदूळ नाही वाटले, दादा?"

"तुला कुणी शिकीवलं?"

"आईनं."

"मला तुमच्या आजीनं," शालूबाई म्हणाली. "आता हितं हे दोघींनाच म्हाईत हाय. एक मी, एक ही. हिला घालवा, मग मीबी पाट्याला हात लावायची न्हाय."

बाळासो बराच वेळ जिभेने दातातली कच काढत होता. मग म्हणाला, "ऱ्हाऊ दे."

"कोण? पाटा का माणसं?"

"दोन्हीबी."

मिनतीने पोतं उघडलं. तिची मुलगी भांडी मांडायला धावली.

मित्रांनो, आता मी निवलो असेन असं तुम्हाला वाटेल. मुळीच नाही. शालूबाईने त्याला दर रविवारी वाटायला बसवलं आहे, आणि दर रविवारी मी त्याच्या बोटांची थोडी साल काढून घेतो. त्या डोंगरावरच्या धनगरवाड्यातली माणसं आजही पाण्यासाठी कडा उतरतात. त्यांच्या वाटणीचा राग तर मी अजून वापरलेलाही नाही.

जुन्या वस्तूंना जपा, असं प्रत्येक जुनी वस्तू तुम्हाला सांगते. मी तेवढ्यावर थांबत नाही. तुमच्या आधी आलेल्यांना जपा, तुमच्या मागून आलेल्यांनाही जपा. आणि तेवढं जमत नसेल, तर माझ्यापुढे बसताना निदान बोटं जपा.