चाखेकाकांचं 'चालेल'

लोकांच्या घरी पाण्याचा फिल्टर कधी बदलायचा ते यंत्रावरचा दिवा सांगतो, नाहीतर सर्व्हिसवाला फोन करकरून डोकं खातो. या घरात ते चाखेकाका सांगायचे. आडनाव काही चाखे नव्हतं. सरबतं आणि सोडा बाटल्यांत भरणाऱ्या कारखान्यात त्यांनी उभी हयात पाणी चाखलं, तिथल्या लोकांनी हे नाव चिकटवलं आणि ते त्यांच्या मागोमाग घरी आलं. रोज सकाळी बाटल्या भरायला घेण्याआधी त्यांच्यासमोर पेला यायचा. घोट जिभेवर धरायचा, गालांत फिरवायचा, नाकातून हळूच श्वास सोडायचा आणि मग म्हणायचं, "चालेल." ते म्हणेपर्यंत मोठे साहेबसुद्धा हाताची घडी घालून उभे असत. आता एवढा मान मिळालेला माणूस निवृत्त झाला म्हणून गप्प बसतो होय?

घरी फिल्टर आला, त्याला तो लाल दिवा होता. 'आता मला बदला' म्हणून लुकलुकणारा. काकांनी त्यावर काळी चिकटपट्टी लावून टाकली. यंत्राने आपल्याला शिकवावं म्हणजे कमालच झाली. सर्व्हिसवाला आला की ते त्याला दारातूनच वाटेला लावत. "तुमची कंपनी तारीख बघते, मी पाणी बघतो," असं सुनावत. मग कधीतरी एखाद्या सकाळी घोट घेऊन तोंड वाकडं करत, "संपली ही" म्हणत, आणि मुलगा संध्याकाळी कामावरून येताना आतली नवी कँडल घेऊन येई. कुणाचं काही बिघडलं नाही. त्यामुळे घरातल्या कुणालाही यात वावगं दिसलं नाही. उलट सून माहेरी कौतुकाने सांगायची की आमच्याकडे फिल्टरपेक्षा सासरे भारी आहेत.

आणि मग या थंडीत काकांना सणसणीत सर्दी झाली. पंधरवड्याने सर्दी गेली, पण जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेली. काकांनी आठवडाभर वाट पाहिली. महिनाभर पाहिली. जीभ तोंडात होती, पण चपलेच्या तळासारखी. गोड नाही, कडू नाही, काही नाही. कुणाला सांगायचं? काय म्हणून सांगायचं? गवयाचा गळा गेला तर लोक निदान हळहळतात. पाणी चाखणाऱ्याची जीभ गेली तर लोक हसतील, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं. चहाचा पहिला घोट घेतला की "फक्कड" म्हणायचं, बस्स. नाटक वठलं. इतकं वठलं की त्यांचं त्यांनाच वाईट वाटायला लागलं.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण घरात विहीणबाई राहायला आल्या होत्या.

विहीणबाई म्हणजे सुनेची आई. त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या, आणि सुनेने आपली एक त्यांना दिली होती. कुणाचं न ऐकता दिली. ऑपरेशन होऊन काही महिने झाले होते, मायलेकी दोघी हिंडत्याफिरत्या होत्या. पण परकी किडनी शरीराने झिडकारू नये म्हणून विहीणबाईंना अशा गोळ्या चालू होत्या, की ज्याने आपल्याला साधी शिंक येईल, त्याने त्या अंथरुणाला खिळतील. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाणी उकळून द्या, किंवा फिल्टर चांगला असेल आणि वेळच्या वेळी बदलत असाल तर ते चालेल. सुरुवातीला सून उकळत होती. मग काकाच म्हणाले होते, "उकळून पाण्याचा जीव जातो. मी आहे ना." सर्दी व्हायच्या आधीची गोष्ट. सर्दी झाल्यावर 'उकळ गं बाई' म्हणायला तोंड उघडलं नाही, एवढंच.

त्या सकाळी विहीणबाई स्वयंपाकघरात पेला हातात धरून उभ्या होत्या. "मला पाणी कसनुसं लागतंय," त्या म्हणाल्या.

सुनेने दुसरा पेला भरला आणि काकांच्या पुढ्यात ठेवला. "बाबा, बघा जरा."

मुलगा बुटाची नाडी बांधता बांधता थांबला. तिघं काकांकडे बघायला लागले. काकांनी घोट घेतला, जिभेवर धरला, गालांत फिरवला, नाकातून श्वास सोडला. ओलं लागलं. याहून जास्त काही लागलं नाही. आत्ता सांगावं, हा क्षण बरा आहे, असं मनात आलंसुद्धा, आणि तेवढ्यात तोंडातून सवयीने निघून गेलं, "चालेल."

"बघ, आई," सून म्हणाली, आणि सगळे आपापल्या कामाला लागले.

त्या दिवशी काका एका जागी टेकले नाहीत. पेपर उघडला, मिटला. गच्चीत गेले, परत आले. स्वयंपाकघरात कुणी नाही असं बघून व्हिनेगरची बाटली काढली आणि चमचाभर तोंडात टाकलं. घसा चरचरला, डोळ्यांत पाणी आलं, पण आंबट म्हणून जे काही असतं ते आलं नाही. फिल्टरसमोर उभे राहिले. पट्टी सोलून दिवा बघावा का? हात वर गेला आणि खाली आला. दिवा लाल असला तर काय करायचं, आणि नसला तर त्यावर विश्वास तरी कसा ठेवायचा? इतकी वर्षं त्याला शिव्या घालून आता त्याच्याच पाया पडायचं? माणूस स्वतःलाच असा कोपऱ्यात गाठतो ना, की कीव येते.

शेवटी पिशवी घेऊन ते दुकानात गेले. गुपचूप नवी कँडल आणायची, दुपारी सगळे झोपले की बसवायची, कुणाला पत्ता लागायला नको.

"मॉडेल कुठलं?" दुकानदाराने विचारलं.

काकांना माहीत नव्हतं.

"बरं, आत किती कँडल आहेत? जंतू मारणारा दिवा आहे का? तो कधी बदललाय?"

जंतू मारणारा दिवा असतो हेच काकांना आठवेना. आजवर त्यांनी फक्त 'संपली' म्हटलं होतं, पुढचं सगळं मुलगा करायचा. आणि मुलगाही बिचारा बाप म्हणेल तेवढंच करायचा. "फोटो काढून आणा," दुकानदार म्हणाला. काका रिकामी पिशवी घेऊन परतले.

दुपारी विहीणबाई मागच्या खोलीत पडल्या होत्या. काका दाराशी दोनदा जाऊन आले. तिसऱ्यांदा विहीणबाईंनीच हाक मारली. "काय व्याहीबुवा, गस्त घालताय का?"

काका आत जाऊन खुर्चीच्या कडेवर बसले. "पाणी अजून तसंच लागतंय का?"

"लागतंय. पण माझ्या तोंडाचं काही खरं नाही हो. या गोळ्यांनी सगळंच लोखंड चाटल्यासारखं लागतं. तुम्ही चालेल म्हणालात ना, मग मी मुकाट्याने प्यायले. तुमच्या जिभेवर माझ्यापेक्षा जास्त भरवसा आहे माझा."

आता बोल, असं काकांनी स्वतःला बजावलं. कानशिलं तापली. "विहीणबाई," ते म्हणाले.

"काय?"

"काही नाही. पडा तुम्ही."

असा राग आला त्यांना स्वतःचा. साठी उलटलेला माणूस, नातवंडं असती तर त्यांना खरं बोलायला शिकवलं असतं, आणि इथे दोन शब्द तोंडाबाहेर पडत नव्हते. ते चप्पल घालून बाहेर पडले आणि कॉलनीला उगाच फेऱ्या मारत राहिले. संध्याकाळी परत आले तेव्हा घराचे दिवे लागले होते आणि सून मागच्या खोलीत थर्मामीटर झटकत होती.

विहीणबाईंना ताप होता. पोटात कळा येत होत्या, दुपारपासून चारपाच वेळा जाऊन आल्या होत्या, आणि लेकीला त्रास नको म्हणून बोलल्या नव्हत्या. सुनेचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने डॉक्टरांना फोन लावला आणि आईचा हात सोडावा लागू नये म्हणून स्पीकर चालू करून उशीवर ठेवला. काका आणि मुलगा दारात उभे राहिले.

डॉक्टर एकेक विचारत गेले. गोळ्या चुकल्या का? नाही. बाहेरचं काही खाल्लं? नाही. घरात कुणी आजारी? कुणी नाही.

"पाणी?"

"फिल्टरचं."

"फिल्टर वेळेवर बदलताय?"

"त्याची काळजीच नाही, डॉक्टर," सून म्हणाली. "माझे सासरे आहेत ना. त्यांचं आयुष्य यातच गेलंय. आज सकाळीच त्यांनी चाखून बघितलं, पाणी अगदी चांगलं आहे."

तिच्या आवाजात शंकेचा लवलेश नव्हता. काकांना तो भरवसा थोबाडीत बसावी तसा बसला.

"बरं, मग पाण्याचं नाही," डॉक्टर म्हणाले. "दुसरंच काहीतरी असेल. तापाची गोळी द्या, आणि सकाळी..."

"थांबा," काका म्हणाले.

सुनेने मान वर केली.

"माझ्यावर जाऊ नका, डॉक्टर. मला चव कळत नाही. थंडीत सर्दी झाली तेव्हापासून कळत नाही. मी नुसतंच चालेल म्हणतोय. फिल्टर कधी बदलला ते मला ठाऊक नाही."

मग डॉक्टर म्हणाले, "सकाळपर्यंत थांबू नका. आत्ता घेऊन या. आणि येताना त्या पाण्याची बाटली भरून आणा."

मुलगा स्वयंपाकघरात गेला. त्याने चिकटपट्टी ओरबाडली. खाली दिवा लाल होता, आणि कधीपासून होता ते सांगायला कुणीच नव्हतं. त्याने झाकण काढून कँडल बाहेर ओढली. तपकिरी, बुळबुळीत. ती बेसिनमध्ये टाकून तो बापाकडे वळला. "बाबा, तिने किडनी दिलीय हो आईला," एवढंच म्हणाला आणि बाटली भरायला लागला. तो ओरडला असता तर काकांना सोसलं असतं. सून आईला धरून काकांच्या शेजारून गेली, आणि जाताना तिने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पाण्यात जंतू निघाले. तेच विहीणबाईंच्या पोटातही निघाले. डॉक्टरांनी त्या रात्रीच औषध बदललं म्हणून निभावलं, नवी किडनी शाबूत राहिली. दुसऱ्या दिवशी काका दवाखान्याच्या जिन्यात डॉक्टरांना गाठून उभे राहिले. हात जोडून म्हणाले, "माझी जीभ ठिकाणावर असती तर हे झालं नसतं."

डॉक्टर घाईत होते. "जिभेचा काय संबंध? जंतूंना चव नसते. क्लोरीन कळेल, गंज कळेल, हे नसतं कळलं. तुम्ही अगदी ठणठणीत असतात तरी चालेलच म्हणाला असतात," असं म्हणून ते वर निघून गेले.

काका जिन्यातच बसले. कारखान्यात त्यांच्या खोलीच्या वर एक प्रयोगशाळा होती. जंतूंची तपासणी तिथे व्हायची. तिथून कागद खाली आल्याशिवाय पेला त्यांच्यासमोर यायचाच नाही. ती माणसं पांढऱ्या कोटात जिना चढताना-उतरताना त्यांना रोज दिसायची, आणि तरी त्यांनी आयुष्यभर असंच धरलं होतं, की पाणी आपल्या एका शब्दावर सुटतं. निवृत्त होताना तो शब्द ते घरी घेऊन आले. प्रयोगशाळा तिथेच राहिली. आणि घरातली माणसं त्या शब्दावर इतकी वर्षं पाणी प्यायली. चांगली जीभ असतानाही प्यायली. काही झालं नाही ते केवळ नशीब. काकांना रडू फुटलं, आणि येणारे-जाणारे बघत असतानाही ते त्यांनी आवरलं नाही.

विहीणबाईंचा ताप उतरल्यावर काका खोलीत गेले. सून खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने वर बघितलं नाही.

"या व्याहीबुवा," विहीणबाई उशीला टेकून म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता, पण जिभेची धार शाबूत. "मला वर पाठवायला निघाला होतात म्हणे."

"चुकलं माझं," काका म्हणाले. "मोठं चुकलं. हात जोडतो."

"ते जोडा. पण मीही ऐकत होते, फोनवर काय बोललात ते. सगळ्यांच्या देखत बोलायला हिंमत लागते." त्या जरा थांबल्या. "दुपारी बोलला असतात तर जास्त बरं झालं असतं, ते वेगळं."

काका मान खाली घालून उभे राहिले. सुनेने शेवटची घडी घातली, पिशवीत ठेवली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली.

"बाबा, काल मी घाईघाईत भाजी करून ठेवली होती. ती तुम्ही खाल्लीत?"

"हो. संपवली. वाया कशाला घालवायची?"

"मी दोनदा मीठ घातलं होतं त्यात. रात्री घरी गेल्यावर कढई घासताना सहज बोट लावून बघितलं. तोंडात धरवत नव्हती." "तुम्ही एकटे बसून ती सगळी खाल्लीत?"

"मला वाटलं, बरी झाली असेल," काका म्हणाले.

सून त्यांच्याकडे बघत राहिली. राग अजून होता, तो काही एवढ्यात जाणार नव्हता, पण डोळे भरून आले होते.

"सांगायचं ना हो, बाबा," ती म्हणाली. "थंडीतच सांगायचं."