सात धातूंची पुडी

इकडे उत्तरेत, आमच्या झोटवाड्याला, सांधेदुखीवर पुडी देणाऱ्या धातूबाबांच्या दारात रविवारी मुंगीला शिरायला जागा नसे. काठी टेकत आलेली माणसं आठवड्याभरात काठी तिथेच टाकून जात म्हणे. दारातल्या त्या काठ्यांचा ढीग मी पाहिला. निम्म्या काठ्या अगदी नव्या कोऱ्या होत्या. मला तिथेच संशय आला.

"माई, जोड़ों में ताँबा-जस्ता कम है. आजकल के अन्न में धातु कहाँ? हमारी पुड़िया में सातों धातु हैं! बस, नमक छोड़ दो. और डॉक्टर को दिखाई, तो असर गया समझो!" बाबांचं हे पाठ केलेलं भाषण.

आमची शेजारीण कुसुम हिला मात्र खरंच गुण आला. संधिवाताने आलेली बोटांची सूज उतरली, ती पुन्हा पोळ्या लाटू लागली. माझा संशय मागे पडला.

चैत्रात हळदीकुंकवाला आम्ही मराठी बायका विनयाकडे जमलो. विनया इथल्या इस्पितळात डॉक्टर. कैरीची डाळ पुढे केली तशी कुसुम म्हणाली, "मीठ नको गं मला. आणि उद्यापासून अलकालाही पुडी देणारेय, तिचाही गुडघा सुजतो."

अलका तिची नऊ वर्षांची मुलगी.

कुंकू लावता लावता विनया थबकली. बाबांकडे जाणाऱ्या तिघी ओळीने बसल्या होत्या. हातपाय काटकुळे, चेहरे मात्र तिघींचे सारखेच वाटोळे, फुगलेले. कुसुम त्याला 'बाबांचं तेज' म्हणे.

"मीठ कुणी सोडायला सांगितलं?" विनयाने विचारलं आणि पुडी मागूनच घेतली. तपासून होईपर्यंत अलकाला ती द्यायची नाही, असंही बजावलं.

आठवड्याने विनया अहवाल घेऊन कुसुमकडे आली. तपासणीत सातांपैकी एकही धातू निघाला नव्हता. निघाली होती खडूची भुकटी आणि तिच्यात कुटलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या! सूज झटपट उतरवणाऱ्या, पण अंगात मीठ-पाणी साठवणाऱ्या, चेहरा फुगवणाऱ्या, हाडं पोखरणाऱ्या. म्हणून ते अळणी जेवण.

कुसुम उरलेल्या पुड्या मोरीत टाकायला निघाली. विनयाने तिचा हात धरला. "एकदम सोडलंस तर जिवावर बेतेल. माझ्या देखरेखीखाली हळूहळू कमी करू. अलकाला मात्र कणभरही नाही. तिला उद्या इस्पितळात आण."

"मग ते तांबं, जस्त?"

"शरीराला लागतंच की. डाळी, तीळ, पालेभाज्या खा, दूध पी. अंगात ताकद राहील, औषधाला साथ मिळेल. पण नुसत्या तेवढ्याने संधिवात बरा होत नाही, कुसुम."

"माझ्या हाताने पोरीला देणार होते गं," म्हणत कुसुम रडायला लागली.

बायांनो, गुण आला म्हणून लगेच हात जोडू नका. जी पुडी डॉक्टरला दाखवायची बंदी आहे, ती लेकराच्या तोंडात घालू नका.