सहाशे तारांचा कणशोधक

मित्रांनो, डोळे नसताना पाहणारा मी एक जुना कणशोधक, म्हणजे अणूहून लहान कणांच्या वाटा टिपणारं यंत्र आहे. मिरजेच्या एका प्रयोगशाळेत माझा जन्म झाला. सोन्याचं पाणी दिलेल्या, केसाहून बारीक सहाशे तारा माझ्या पोटात आहेत. तंबोरे घडवणाऱ्या केरबाकाकांनी त्या बसवल्या. तार छेडायची, कान द्यायचा, सैल वाटली की पुन्हा ओढायची. नंतर यंत्राने ताण मोजला, तर एकही तार चुकली नव्हती.

पुढे मी परदेशी गेलो. तिथे एका प्रचंड यंत्रात शिशाचे अणुगाभे भन्नाट वेगाने एकमेकांवर आदळत आणि हजारो कण उधळत. बारा वर्षं मी त्यांच्या वाटा टिपल्या, शाबासकी मिळवली. मग टकरी इतक्या वाढल्या, की मी एक टिपेपर्यंत दहा निसटत. मला घरी धाडलं.

माझी जागा घेणारा कणशोधक इथेच प्रयोगशाळेतली शास्त्रज्ञ श्रद्धाताई घडवत होती. त्याला तारा नाहीत, लाखो भोकांचा पातळ पडदा आहे. मी रुसलो होतो, खोटं कशाला सांगू? पण चाचणीत त्याचा एक कोपरा ठिणग्या टाकू लागला. चार दिवसांत तो रवाना झाला नाही, तर ताईची दोन वर्षांची मेहनत वाया जाणार होती.

ताईने मला त्याच्या डोक्यावर ठेवलं. आभाळातून सतत कण बरसतात. ते माझ्यातून त्याच्यात उतरत. मला दिसलेला कण त्याला दिसतो का, एवढंच पडताळायचं होतं. दिवसभर मी एकेक कण सांगत राहिलो. संध्याकाळी संगणकावर, जिथले कण मला दिसले पण त्याला नाही, तिथे एक काळा डाग उमटला. नेमकी जागा कळली. ताईने झाकण काढून भिंगातून पाहिलं, तर भोकात तांबडी पूड.

अजून इथेच कामाला असलेले केरबाकाका दारातच थबकले. "म्याच लावलं कुंकू, ताई. खंडेनवमीला झाकण उघडंच हुतं. समद्या हत्यारांना लावलं, मग ह्ये लेकरू तेवढं कसं सोडू?"

ताईला हसू आवरेना. "काका, याला कुंकू सोसत नाही. पुढच्या वेळी पेटीला लावा."

पूड काढली, पुन्हा चाचणी झाली. मी पाहिलेल्या शंभर कणांतले नव्व्याण्णव त्याने पाहिले! चौथ्या दिवशी पेटी निघाली. परवा तिकडून चित्र आलं. एकाच टकरीतून फुटलेल्या हजारो वाटा, क्वचितच एखादी निसटलेली. काका चित्रावर वाकले. म्हणाले, "लय तिखट नजर हाय पोराची."

आता इथला प्रत्येक नवा कणशोधक आधी माझ्यापुढे परीक्षेला बसतो. म्हणून मित्रांनो, जुनं यंत्र भंगारात काढण्याआधी, त्याला अजून काय दिसतं ते विचारा. आणि माझ्यावर धूळ बसू देऊ नका. उद्या सकाळी दोन पोरं रांगेत आहेत.